नागपूरच्या इतिहासात गोंड राजवट एका वाक्याची नाही

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत नागपूर शहराच्या वाटचालीवर नुकताच एक सविस्तर लेख प्रसिद्ध झाला. लेखकाने मेहनत घेतली आहे, यात शंका नाही. भोसल्यांचे वाडे, १८१७ ची सीताबर्डीची लढाई, १८६१ साली झालेली मध्य प्रांताची स्थापना, १८६७ साली शहरात पोहोचलेली रेल्वे, १८७७ साली सुरू झालेली एम्प्रेस मिल, १९२३ चा झेंडा सत्याग्रह या सर्व टप्प्यांना त्यात ऐसपैस जागा मिळाली आहे. मात्र ज्या राजवटीने हे शहर वसवले, तिच्या वाट्याला संपूर्ण लेखात एकच वाक्य आले. देवगडचे (कोकणातले नव्हे, आजच्या मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यातले) गोंड राजे बख्त बुलंद शाह यांनी १७०२ साली शहराची स्थापना केली, एवढे सांगून लेखक पुढच्याच ओळीत रघूजी भोसल्यांकडे वळतात. मधली चाळीस वर्षे आणि त्याआधीची निदान शंभर वर्षे कोठे गेली, हे वाचकाला कळत नाही. हा दोष एकट्या या लेखाचा नाही. शहरावरच्या बहुतेक लिखाणात हे वाक्य प्रस्तावनेसारखे येते आणि मग गोंड दिसेनासे होतात. मी रामटेक तालुक्यातील देवलापारच्या बाजूला राहतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवण्यात माझी नोकरी गेली आणि माझ्या वर्गांतून गोंड समाजाची मुले मोठ्या संख्येने शिकली. त्यामुळे या विषयावर थोडे विस्ताराने लिहिण्याची परवानगी आपण द्यावी, अशी विनंती आहे.

पहिली गोष्ट अशी की, १७०२ हे वर्ष सोयीचे असले तरी नागपूरची गोष्ट त्या वर्षी सुरू होत नाही. वर्धा जिल्ह्यातील देवळी येथे सापडलेल्या राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या शके ८६२ च्या, म्हणजे इ. स. ९४० च्या ताम्रपटात नागपूर-नंदिवर्धन या ‘विषया’तील, म्हणजे त्या काळच्या प्रशासकीय विभागातील, एका गावाच्या दानाची नोंद आहे. त्यातले नंदिवर्धन म्हणजे आमच्या रामटेकजवळचे नगरधन, वाकाटकांची राजधानी. गोंड काळापुरते बोलायचे तरी १६३७ साली शाहजहानचा सरदार खान-ए-दौरान याने देवगडच्या कोकिया राजाकडून थकलेली खंडणी वसूल करण्यासाठी चाल केली, तेव्हा वेढा पडला तो नागपूरच्या किल्ल्याला. म्हणजे बख्त बुलंदांच्या किमान पासष्ट वर्षे आधी येथे गोंडांचा किल्ला होता आणि मोगलांना तोफा घेऊन तेथवर यावे लागेल इतके त्याला महत्त्व होते. देवगडच्या गादीचा पहिला मोठा राजा जाटबा याचा उल्लेख तर अकबराच्या काळातील ‘आईन-ए-अकबरी’त आहे आणि त्याच्या पदरी दोन हजार घोडेस्वार व पन्नास हजार पायदळ असल्याचे तेथे म्हटले आहे. हे आकडे दरबारी पद्धतीने फुगवलेले असू शकतील. तरीही ज्या राज्याची दिल्लीत अशी नोंद होते ते ‘जंगलातले’ म्हणून बाजूला सारता येत नाही.

बख्त बुलंद शाह यांच्याविषयी मात्र थांबून सांगायला हवे. गादीच्या भांडणात त्यांनी औरंगजेबाच्या दरबाराकडे मदत मागितली, इस्लाम स्वीकारला आणि बख्त बुलंद ही पदवी मिळवून ते देवगडला परतले. पुढे मोगल सत्ता दख्खनच्या युद्धात अडकल्याचे पाहून त्यांनी तिच्याविरुद्धच हत्यार उपसले, तेव्हा संतापलेल्या बादशहाने त्यांची पदवी उलटी फिरवून त्यांना दुर्भागी म्हणून संबोधण्याचा हुकूम काढला. हुकुमाने फारसे काही बिघडले नाही. दिल्लीला जाऊन आलेल्या या राजाने तेथे काय पाहिले असेल, ते त्याच्या पुढच्या कारभारावरून ओळखता येते. डोंगरातल्या देवगडवरून खाली सपाटीवर उतरून नाग नदीच्या काठच्या, राजापूर बारसा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बारा लहान वस्त्या त्यांनी एकत्र केल्या, रस्ते आखले आणि तटबंदीचे काम हाती घेतले. शेतकरी, कारागीर, व्यापारी यांना बाहेरून बोलावून जमिनी दिल्या. हिंदू असो वा मुसलमान, लायकी पाहून कारभारात घेतले. नागपूरला ब्रिटिश रेसिडेंट म्हणून राहिलेल्या रिचर्ड जेंकिन्स यांनी १८२७ च्या आपल्या अहवालात मराठ्यांच्या कारभाराला जे यश आले, त्याचा बराचसा पाया या राजाने घातलेला होता, अशा अर्थाचे मत नोंदवले आहे. जेंकिन्स यांना गोंडांचे कौतुक करण्याचे कोणतेही राजकीय कारण नव्हते, त्यामुळे त्यांचे हे मत मला वजनदार वाटते.

आज आपल्या ग्रामीण विदर्भात जी मिश्र वस्ती दिसते, एकाच गावात कुणबी, तेली, माळी, कोष्टी, महार, गोंड, गोवारी आणि चार घरे मुसलमानांची, तिची घडण होण्यात या वसाहतीच्या धोरणाचा वाटा आहे. वैनगंगेच्या आणि कन्हानच्या खोऱ्यातील कितीतरी काळी जमीन याच काळात नांगराखाली आली. आपले पूर्वज या भागात कधी आले, असा प्रश्न घरोघरी विचारला तर अनेक कुटुंबांचे उत्तर गोंड राजांच्या बोलावण्यापर्यंत जाऊन पोहोचेल. म्हणून हा इतिहास केवळ आदिवासींचा आहे असे समजून तो त्यांच्या संघटनांवर सोपवून देणे मला पटत नाही. राजा मुसलमान झाला म्हणून काहींना तो नको असतो, राजा गोंड होता म्हणून आणखी काहींना तो आठवत नाही, आणि ज्यांना तो हवा असतो त्यांतले काही जण त्याचा धर्म सांगायचे टाळतात. तिघांनीही थोडी हिंमत करायला हरकत नाही.

बख्त बुलंद शाह यांचे पुत्र चांद सुलतान यांनी राजधानी देवगडहून नागपूरला आणली. शहराच्या कोटाचे काम त्यांनी पुरे केले आणि नाग नदीच्या पाण्याला बांध घालून जुम्मा तलाव बांधला. तलाव ही राजधानीची गरज होती. वस्ती वाढवायची तर उन्हाळ्यात पाणी लागते आणि चैत्र-वैशाखातले नागपूर ज्याने सोसले आहे त्याला या निर्णयाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. हाच तलाव पुढे शुक्रवारी तलाव आणि नंतर गांधीसागर झाला. कोटाचा जुम्मा दरवाजा आज गांधी गेट म्हणून ओळखला जातो. महात्माजींच्या नावाबद्दल कोणाचा आक्षेप असण्याचे कारण नाही, माझाही नाही. परंतु तलावाच्या काठी उभे राहून हे पाणी कोणी अडवले, असे विचारले तर सांगणारा सहसा भेटत नाही. गणेशपेठच्या एसटी स्थानकापासून तलाव फार लांब नाही. मेडिकलमध्ये रुग्ण दाखवायला किंवा कोर्टाच्या तारखेला येणारी आमच्याकडची गोंड माणसे त्याच्या बाजूने वर्षानुवर्षे ये-जा करतात. आपल्याच राजाने बांधलेल्या तलावाजवळून आपण जात आहोत, याची त्यांतील बहुतेकांना कल्पना नसते.

सत्तांतराची हकीकतही नीट सांगितली जात नाही. भोसल्यांनी नागपूर जिंकले, असे सरसकट लिहिले जाते. १७३९ साली चांद सुलतान वारले आणि बख्त बुलंदांचा अनौरस मुलगा वली शाह याने गादी बळकावली. तेव्हा चांद सुलतानांच्या विधवा राणी रतनकुंवर यांनी आपल्या मुलांच्या, म्हणजे अकबर शाह आणि बुऱ्हाण शाह यांच्या हक्कासाठी वऱ्हाडातून रघूजी भोसल्यांना मदतीला बोलावले. रघूजींनी वली शाहचा पाडाव केला, मुलांना गादीवर बसवले, मोबदला घेतला आणि ते परत गेले. पुढे दोघा भावांत फाटले, रघूजी पुन्हा आले आणि १७४३ पासून ते नागपुरातच राहिले. अकबर शाह यांना परागंदा व्हावे लागले. बुऱ्हाण शाह यांचे राजेपण नावाला ठेवून महसुलातील ठरावीक वाटा त्यांना बांधून देण्यात आला. त्यांच्या वंशजांना पुढे संस्थानिक म्हणत आणि इंग्रजी अमलातही त्यांचे पेन्शन चालू राहिले. महालातील किल्ला या वस्तीत गोंड राजांचे ठिकाण आजही त्याच नावाने ओळखले जाते.

या साऱ्यात रघूजींना खलपुरुष ठरवण्याचा माझा हेतू नाही. त्या काळच्या राजकारणात कोणीही मुत्सद्दी हेच करता, आणि गोंड राजाला समूळ नष्ट न करता त्याचा मान राखून कारभार हाती घेणे यात त्यांची समजही दिसते. परंतु सत्ता हाती आल्यानंतरही पराभूत घराण्याच्या नावाची गरज का भासावी, हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारायला हवा. मला त्याचे एक कारण दिसते. नागपूरच्या भोवतालच्या मुलखात राज्य कोणाचे, या प्रश्नाचे लोकांच्या मनातले उत्तर गोंड राजा हेच होते आणि ते एका लढाईने पुसले जाणारे नव्हते. दक्षिणेला चांद्याचे स्वतंत्र गोंड राज्यही १७५१ पर्यंत टिकून होते. चंद्रपूरच्या परकोटाचे जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर हे दरवाजे आजही उभे आहेत आणि तेथील माणसाला गोंड राजे कोण, हे सांगावे लागत नाही. नागपूरच्या माणसाला सांगावे लागते, हा फरक विचार करण्यासारखा आहे.

त्याचे एक कारण राज्यांच्या सीमेत आहे आणि त्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. १९५६ च्या पुनर्रचनेपूर्वी देवगड आणि नागपूर एकाच प्रांतात होते व त्या प्रांताची राजधानीच नागपूर होती. भाषेच्या निकषावर सीमा आखल्या गेल्या, तेव्हा मराठी बोलणारा विदर्भ आधी द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला, तर छिंदवाडा जिल्ह्यातील देवगड मध्य प्रदेशात राहिले. गोंडी बोलणाऱ्यांचे राज्य मात्र कोणी मागितले नाही, किंवा मागितले तरी ऐकले नाही. २०११ च्या जनगणनेत सुमारे २९ लाख लोकांनी गोंडी ही मातृभाषा नोंदवली आहे. ते मध्य प्रदेश, महाराष्ट्र, छत्तीसगड, तेलंगणा अशा राज्यांत विभागलेले आहेत आणि राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात गोंडीला जागा नाही. परिणाम असा की, एकाच घराण्याची पहिली राजधानी दुसऱ्या राज्याच्या अभ्यासक्रमात गेली आणि दुसरी राजधानी आपल्याकडे उरली, पण तिचा मागचा धागा तुटला. आमच्या देवलापारपासून मध्य प्रदेशची हद्द काही मैलांवर आहे. हद्दीच्या दोन्ही बाजूंना मुलीबाळींची लग्ने होतात, देवघरे एक आहेत, पण दोन्हीकडच्या मुलांची इतिहासाची पुस्तके एकमेकांना ओळखत नाहीत.

काही जाणकार यावर एक हरकत घेतात आणि ती विचारात घेण्यासारखी आहे. गोंड तरी येथील पहिले रहिवासी कशावरून, असे ते विचारतात. काटोल रस्त्यावरील जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा येथील शिलावर्तुळे लोहयुगातील आहेत आणि ती उभारणाऱ्यांचा आजच्या कोणत्या समाजाशी संबंध आहे, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५६ साली धम्मदीक्षेसाठी नागपूरच का निवडले, हे सांगताना या परिसरातील प्राचीन नाग लोकांचा आणि त्यांनी केलेल्या बौद्ध धर्माच्या प्रसाराचा हवाला दिला होता. ही स्मृतीही या मातीतलीच आहे आणि लाखो माणसांच्या जगण्याशी बांधलेली आहे. माझ्या मते यांतील कोणाला पहिला क्रमांक द्यायचा, याचा निवाडा करण्याची घाई नको. अमुक एक समाज पहिला होता म्हणून गोंडांचा उल्लेख करा, असे मी म्हणत नाही. शहर म्हणून नागपूर ज्यांनी वसवले, त्याला तट घातला, पाणी दिले आणि माणसे आणून वसवली, त्यांचा वृत्तान्त शहराच्या इतिहासात पूर्ण लांबीने यावा, एवढेच माझे म्हणणे आहे आणि त्यासाठी प्राचीनत्वाचा दाखला लागत नाही.

टाकळघाटचा उल्लेख आला म्हणून एक आठवण नोंदवतो. नागपुरात ज्यांच्या नावाचे महाविद्यालय सर्वांना ठाऊक आहे, ते स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना ४ सप्टेंबर १८६३ रोजी बोरीजवळच्या नदीच्या पुरात बुडून मरण पावले. त्यांनी गोंडांविषयी जमवलेली टिपणे १८६६ साली रिचर्ड टेंपल यांनी छापली. गोंडांचा आदिपुरुष पहांदी पारी कुपार लिंगो याची दीर्घ गाथा परधानाच्या तोंडून ऐकून हिस्लॉप यांनी उतरवून घेतली होती, ती त्या पुस्तकात आहे. गोंडांचा इतिहास सांगणे हे परधानांचे पिढीजात काम. एका परदेशी धर्मोपदेशकाला दीडशे वर्षांपूर्वी परधानाजवळ बसून त्याचे ऐकावेसे वाटले. आपल्या शहरातील किती अभ्यासकांना ते वाटले, याचे उत्तर मला उत्साहवर्धक मिळालेले नाही.

आणि गोंडांचा किंवा आदिवासींचा इतिहास म्हणजे १७४३ साली संपलेला इतिहास, ही समजूतही सोडायला हवी. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी हिवाळी अधिवेशनाच्या काळात अनुसूचित जमातीच्या सवलतींची मागणी घेऊन विधानभवनाकडे निघालेल्या गोवारी मोर्चात चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसे मेली. त्यांत बायका आणि लहान मुले मोठ्या संख्येने होती. ही माणसे गुरे राखणाऱ्या, मजुरी करणाऱ्या खेड्यांतल्या घरांतून गेली होती. सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला त्यांचे नाव आहे. त्यांच्या मागणीवर उच्च न्यायालयाने २०१८ साली एक निकाल दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये तो फिरवला. कायद्याचा प्रश्न कायद्याच्या ठिकाणी. परंतु शहराच्या आधुनिक इतिहासावरील लेखात या घटनेचा उल्लेखही नसावा, हे मला समजू शकले नाही.

नागपूरचे पिण्याचे पाणी आज पेंचवरून, पारशिवनी तालुक्यातील नवेगाव खैरीच्या जलाशयातून जाते. पेंचचे खोरे हा गोंडांचा जुना मुलूख आहे. तेथे धरणे झाली, व्याघ्रप्रकल्प झाला, त्यात गावे उठली, रानावरचे आणि मासेमारीचे हक्क गेले. चांद सुलतानांच्या तलावाची जागा आता या जलाशयाने घेतली आहे, असे म्हटले तरी चालेल. फरक इतकाच की, त्या वेळी पाणी अडवणारा गोंड होता.

विधानभवनाच्या परिसरात बख्त बुलंद शाह यांचा पुतळा आहे, त्यांच्या जयंतीला त्याला हार घातले जातात, हे मला माहीत आहे. पुतळा असावाच, पण पुतळ्याने माहितीची भूक भागत नाही. गांधीसागरच्या काठी, गांधी गेटला आणि महालातील किल्ल्यापाशी बांधणाऱ्याचे नाव व काळ सांगणारा, मराठीसोबत गोंडीतही लिहिलेला फलक लावण्यास महापालिकेला फार मोठा खर्च येणार नाही. मेट्रोच्या एवढ्या स्थानकांना नावे देताना शहराच्या संस्थापकाचे नाव एकालाही सुचू नये, याचे आश्चर्य वाटते. पुढे मार्गिका वाढतील तेव्हा ते सुचावे. शाळांच्या बाबतीत तर सोपा उपाय आहे. आमच्या भागातील शाळांच्या सहली नागपूरला येतात तेव्हा मुले रमण विज्ञान केंद्र, अजब बंगला आणि फुटाळा पाहून परततात. रमण विज्ञान केंद्र गांधीसागरच्या अगदी जवळ आहे. शिक्षकांनी मुलांना तलावापर्यंत नेले आणि पाच मिनिटे बोलले, तर त्याला कोणाच्या मंजुरीची गरज नाही. नगरधन, पाटणसावंगी, तुमसरजवळचा अंबागड या किल्ल्यांवरही हे करता येते.

आपल्या दैनिकाला माझी विनंती मर्यादित आहे. त्या लेखाची पुढची कडी छापणार असाल तर देवगड ते नागपूर हा सव्वाशे-दीडशे वर्षांचा काळ तिचा विषय व्हावा. त्यासाठी एखादा प्रतिनिधी छिंदवाड्याकडे देवगडचा किल्ला पाहण्यास पाठवावा, आणि वाटेत आमच्या तालुक्यातील परधानांकडे उतरून त्यांच्याजवळ काय आहे, तेही ऐकून घ्यावे. गाणारी माणसे आता वृद्ध झाली आहेत, त्यामुळे हे काम पावसाळ्यापूर्वी झाले तर बरे. वाटाड्या म्हणून मी सोबत येईन.

आपला नम्र,
एक सेवानिवृत्त शिक्षक
देवलापार परिसर, ता. रामटेक, जि. नागपूर